खेळ दाखवला, मग खेळू दिला

१९३६ साली वऱ्हाडातून एक पथक जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये ऑगस्ट महिन्यात ऑलिंपिक भरले होते आणि त्यानिमित्ताने देशोदेशीच्या व्यायामपद्धती एका ठिकाणी मांडल्या जाणार होत्या. पथक होते अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे आणि नेतृत्व होते डॉ. सिद्धनाथ काणे यांचे. आखाड्याच्या मातीत तयार झालेल्या या गड्यांनी परक्या देशातल्या प्रेक्षकांसमोर आपली देशी व्यायामविद्या मांडली आणि तिच्यासोबत हुतुतूही, म्हणजे आजची कबड्डी. ध्यानचंदच्या हॉकी संघाने त्याच ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच दिवसांत, त्याच शहरात अमरावतीचे गडी दम धरून 'हुतुतू'चा घोष करीत होते, हे मात्र वऱ्हाडाबाहेर फार थोड्यांना माहीत आहे.

ज्या संस्थेने हे धाडस केले, ती तेव्हा अवघी २२ वर्षांची होती. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत तिचा पाया घातला. परकीय सत्तेखाली वाढणाऱ्या तरुणांची शरीरे आणि मने कणखर व्हावीत, हा हेतू उघड होता. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतुतू, खो-खो हे सारे शिस्तीने शिकवायचे आणि शिकलेल्याने आपल्या गावी जाऊन पुढच्यांना शिकवायचे, अशी तिथली रीत. उन्हाळी वर्गांना दूरदूरच्या प्रांतांतून मुले येत. हुतात्मा राजगुरू यांनीही या आखाड्यात व्यायामाचे धडे घेतले होते. खेळाला प्रचारकांची आणि शिक्षकांची फौज लागते, हे वैद्य बंधूंनी फार आधी ओळखले होते.

बर्लिनचा प्रयोग गाजला, कौतुकही झाले. पण कबड्डी आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून खेळली गेली ती १९९० मध्ये, बीजिंगला. मधे ५४ वर्षे गेली. एका आखाड्याने युरोपापर्यंत नेऊन दाखवलेला खेळ आशियाच्या मैदानावर यायला अर्धे शतक का लागावे?

याचे एक उत्तर सरळ आहे. पारतंत्र्य, महायुद्ध, फाळणी, पैशाची चणचण. दुसरे उत्तर खेळाच्या स्वभावात आहे आणि ते अधिक मोलाचे आहे. पाहणारा टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. तो खेळाडू होतो ते त्याला स्पर्धेत उतरवल्यावर, वर्षानुवर्षे हरू दिल्यावर आणि पुन्हा बोलावल्यावर. बर्लिनमध्ये बेसबॉलचेही असेच झाले. अमेरिकेच्या दोन संघांनी तिथल्या प्रचंड गर्दीपुढे प्रात्यक्षिकाचा सामना खेळला. बेसबॉलला ऑलिंपिकचे पदक मिळायला त्यानंतर १९९२ साल उजाडावे लागले.

घरच्या घरी मात्र हुतुतूची घडी तोवर बसत आली होती. गावोगावचे नियम वेगळे होते. गडी बाद झाला की तो परत जिवंत होतो की नाही, यावरूनच संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार पडले होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला एक उठतो. गामिनीत बाद झालेला शेवटपर्यंत बाहेर बसतो. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की पहिला अर्धा तास नियमांच्या वादात जायचा. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने भरवलेल्या सामन्यांनी आणि १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ठरवलेल्या नियमांनी हा गोंधळ आवरला. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डी आली, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. बाहेरच्याला घरात घ्यायचे तर आधी घराचे नियम एक हवेत. कबड्डीने ते काम पुरे केले.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक खेळ बाहेरच्यांना घरात घेण्याच्या प्रश्नाशी झुंजत होता. त्याची कथा वऱ्हाडाला वाटते तितकी परकी नाही, कारण तिच्या मुळाशी कापूस आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या सूतगिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि अकोला, अमरावती, खामगाव या कापसाच्या बाजारपेठा तिच्या आधाराने फुगल्या. सरकी काढून, गाठी बांधून हा माल समुद्रापार जाऊ लागला. ज्या ओल्डहॅम, रॉचडेल, विगन, ली या गावांत गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथले कामगार शनिवारी रग्बी खेळत. सामन्यासाठी काम सोडले तर त्या दिवसाची मजुरी बुडे. बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, ही त्यांची मागणी. हौशी खेळाची तत्त्वे सांगणाऱ्या लंडनच्या मंडळींनी ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी आपला वेगळा संघ उभारला. तीच पुढची रग्बी लीग. १९०६ मध्ये तिने संघातले गडी १५ वरून १३ केले आणि खेळ अधिक मोकळा, अधिक वेगवान झाला.

कामगारांच्या हक्कातून जन्मलेला हा खेळ त्या कामगारांच्या पट्ट्यातच अडकला. पूर्वेच्या हलपासून पश्चिमेच्या लिव्हरपूलपर्यंत जायला रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर लागतात. अकोला ते नागपूर हे अंतर त्याहून जास्त आहे. एवढ्याशा पट्टीत इंग्लंडमधली बहुतेक रग्बी लीग मावते. ऑस्ट्रेलियात ती न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये जोमाने वाढली, पण इंग्लंडात दक्षिणेकडे जाण्याचा तिचा प्रत्येक प्रयत्न कष्टाचा ठरला. १९८० मध्ये लंडनमध्ये फुलहॅम क्लबाच्या आसऱ्याने एक संघ उभा राहिला. पुढे त्याची नावे आणि मैदाने अनेकदा बदलली.

मग वाट काढली ती समुद्रापलीकडच्या संघांना आपल्या देशांतर्गत स्पर्धेत घेण्याची. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत न्यूझीलंडचा ऑकलंड वॉरियर्स हा संघ आला. १९९६ मध्ये इंग्लंडात सुपर लीग सुरू झाली, तिचा पहिलाच सामना पॅरिसमध्ये झाला आणि पॅरिस सेंट-जर्मेनने शेफील्ड ईगल्सला ३०-२४ असे हरवले. मैदानावर १७ हजारांहून अधिक लोक होते. सुरुवात झगमगाटी झाली, पण दोन हंगामांत तो संघ बंद पडला. पॅरिसमध्ये या खेळाची शाळा नव्हती, तालीम नव्हती, शनिवारी पोराला घेऊन मैदानावर जाणारा बापही नव्हता. बाहेरून आणलेले खेळाडू आणि जाहिरातींचे फलक यांवर संघ दोन वर्षे उभा राहिला, एवढेच.

दहा वर्षांनी, २००६ मध्ये, इंग्रजांनी पुन्हा एका फ्रेंच संघाला घेतले. या वेळी निवड राजधानीची नव्हती. स्पेनच्या सीमेजवळच्या पर्पिन्यां गावातला कॅटलन्स ड्रॅगन्स हा संघ पुढे आला. पर्पिन्यांत रग्बी लीग १९३४ पासून खेळली जात होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना शरण गेलेल्या विशी सरकारने १९४१ मध्ये फ्रान्समधल्या रग्बी लीगवर बंदी घातली आणि तिची मालमत्ता जप्त केली. तरीही या गावाने खेळ सोडला नाही. ज्या गावाने बंदी सोसून खेळ जपला, त्या गावाच्या संघाला स्पर्धेत जागा मिळाली आणि सोबत एक शहाणी सवलतही मिळाली. पहिली तीन वर्षे तळाला राहिला तरी त्याला खालच्या श्रेणीत ढकलायचे नाही, असे ठरले. पहिल्या वर्षी संघ खरोखर तळाला राहिला. दुसऱ्या वर्षी त्याने चॅलेंज कप या चषक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. २०१८ मध्ये वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला २०-१४ असे हरवून त्याने तो चषक जिंकला. इंग्लंडबाहेरच्या संघाच्या हाती हा चषक प्रथमच आला होता. पुढच्या वर्षी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर विगनविरुद्धचा त्याचा सामना पाहायला ३१ हजारांहून जास्त लोक आले.

पॅरिसची चूक टोरंटोत वेगळ्या रूपात झाली. टोरंटो वुल्फपॅक हा कॅनडाचा संघ २०१७ मध्ये इंग्लंडच्या सर्वांत खालच्या श्रेणीत दाखल झाला. पाहुण्या संघांचा प्रवास आणि मुक्काम याचा खर्च तो स्वतः उचलत होता, खेळाडू जवळपास सगळे बाहेरचे होते. २०२० मध्ये तो सुपर लीगपर्यंत चढला, पहिले सहाही सामने हरला आणि कोविडच्या साथीत, त्याच वर्षीच्या जुलैत, पैशाअभावी स्पर्धेतून बाहेर पडला. पुन्हा प्रवेशासाठी अर्ज केला तेव्हा इतर क्लबांनी नकार दिला. एका धनिकाच्या खिशावर उभा राहिलेला संघ तो खिसा आटताच संपतो, हे साऱ्यांनी पाहिले.

पापुआ न्यू गिनीचे उदाहरण मात्र अगदी वेगळे आहे. तिथे रग्बी लीग हाच जनतेचा खेळ आहे. २०१४ मध्ये त्या देशाचा पीएनजी हंटर्स हा संघ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड कपमध्ये घेतला गेला. एकदम वरच्या पायरीवर त्याला चढवले नाही, राज्य पातळीच्या स्पर्धेत आठवड्यामागून आठवडा खेळायला लावले. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, अंतिम सामन्यात सनशाइन कोस्टला १२-१० असे हरवून हंटर्सनी ती स्पर्धा जिंकली. डिसेंबर २०२४ मध्ये ठरले, की २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळेल. त्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च करणार आहे. या मदतीत राजकारणही आहे, पॅसिफिकमधला चीनचा वाढता प्रभाव त्यामागे आहे. तरी त्या बेटांवरच्या मुलांना एक खरी वाट मिळाली, हे कुणी नाकारू शकत नाही.

पॅरिस आणि टोरंटो एका बाजूला, पर्पिन्यां आणि पापुआ न्यू गिनी दुसऱ्या बाजूला, असा हा हिशेब आहे. जिथे खेळाची माती आधीपासून होती आणि यजमानांनी हरण्यासाठी वेळ दिला, तिथे बाहेरचा संघ रुजला.

वऱ्हाडी वाचकाला ही गोष्ट आपलीच वाटावी, कारण क्रिकेटमध्ये बाहेरच्या संघाची ही भूमिका वऱ्हाडाने स्वतः निभावली आहे. १९३४ मध्ये रणजी करंडक सुरू झाला तेव्हा या भागाचा संघ मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाने उतरला. नागपूरला जन्मलेले भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचे मोठे पर्व पुढे इंदूरच्या होळकर संघाकडे गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्यात आले आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ हा स्वतंत्र संघ म्हणून रणजीत खेळू लागला. मुंबई, दिल्ली, कर्नाटक या बलाढ्यांच्या पंगतीत विदर्भाचे पान अनेक दशके कोपऱ्यात मांडले जात होते. विदर्भाकडून खेळणाऱ्या गड्याला कसोटीची टोपी मिळायला २०११ साल उजाडले. तो मान खापरखेड्याच्या उमेश यादवचा.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या किंवा अमरावतीच्या राजापेठेतल्या मुलाला या काळात काय सोसावे लागले, ते नकाशा पाहिल्यावर कळते. मोठे मैदान नागपूरला, निवड चाचणी नागपूरला, निवडणारेही बहुधा नागपूरचे. किट बॅग घेऊन पहाटेच्या गाडीने नागपूर गाठायचे, दोन षटके टाकायची आणि रात्री परतायचे. ज्यांच्या घरी तिकिटाचे पैसे निघत, त्यांचीच मुले टिकत. लँकेशायरच्या कामगाराची बुडालेली मजुरी आणि वऱ्हाडातल्या पोराचे रेल्वेचे भाडे हा एकच प्रश्न आहे. खेळाचा विस्तार म्हणजे शेवटी हा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर.

विदर्भाने हे उत्तर हळूहळू शोधले. नागपूरबाहेरची मुले लहान वयातच हेरणे, त्यांना अकादमीत ठेवणे, वयोगटांच्या संघांवर पैसा लावणे ही कामे झाली. त्याच वेळी बाहेरचे अनुभवी खेळाडूही मानाने बोलावले गेले. मुंबईचा वसीम जाफर आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून फैज फजलच्या संघाने पहिला रणजी करंडक जिंकला. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आणि अक्षय वाडकरचे शतक ही त्या सामन्याची खूण. पदार्पणापासून ६० वर्षांनी हे घडले. पुढच्याच मोसमात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. २०२४-२५ मध्ये वाडकरच्या नेतृत्वाखाली तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात करुण नायर या कर्नाटकी फलंदाजाने दुसऱ्या डावात १३५ धावा केल्या आणि नागपूरच्या दानिश मालेवारने पहिल्या डावात १५३. अकोल्याचा अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश शर्मा आज आयपीएलच्या प्रेक्षकांना नावाने ठाऊक आहेत. १९५७ मध्ये विदर्भाला 'अजून तयारी नाही' म्हणून दाराबाहेर ठेवले असते, तर यातले काहीच झाले नसते.

कबड्डीने हीच वाट धरली ती स्वातंत्र्यानंतर. 'कबड्डीमहर्षी' शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. नव्याने जन्मलेल्या बांगलादेशात हाडुडु हा मातीतला खेळ आधीपासूनच होता. १९७४ मध्ये भारताचा संघ तिथे जाऊन सामने खेळला. १९७९ मध्ये भारतीय प्रशिक्षक जपानला गेले आणि तिथल्या मुलांना चढाई-पकडीचे धडे देऊन आले. १९८० मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत पहिला आणि बांगलादेश दुसरा आला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक आणि १९९० मध्ये पदक, अशा पायऱ्या चढत कबड्डी पुढे गेली. १९९० पासूनची सात आशियाई सुवर्णपदके ओळीने भारताच्या पुरुष संघाने घेतली. यात आनंद होता, पण काळजीही होती. ज्या खेळात एकच देश जिंकतो, त्या खेळाला जग आपले मानत नाही.

ही कोंडी २०१४ च्या प्रो कबड्डी लीगने फोडली. इथे परदेशी संघ आले नाहीत, परदेशी गडी आले. प्रत्येक संघात काही जागा त्यांच्यासाठी ठेवल्या गेल्या. इराण, दक्षिण कोरिया, बांगलादेश, जपान, केनिया अशा देशांतले खेळाडू भारतीय मुलांबरोबर एका खोलीत राहू लागले, एका ताटात जेवू लागले आणि रोज सरावात एकमेकांना धरू लागले. इराणमध्ये कुस्तीची जुनी परंपरा आहे, त्यामुळे पकडीची समज त्यांच्या अंगात होतीच. तिला डाव्या कोपऱ्यावर उभे राहण्याची, घोटा धरण्याची, साखळी बांधण्याची शिस्त भारतीय लीगने दिली. यू मुंबा संघाचा डावा कोपरा सांभाळणारा फजल अत्राचली महाराष्ट्रातल्या पोरांचा लाडका झाला. पुढे लीगमध्ये पकडीचे ५०० गुण सर्वांत आधी त्याने पूर्ण केले. २०१८ च्या लिलावात त्याला एक कोटी रुपये मिळाले. एवढी बोली लागलेला तो पहिला परदेशी गडी.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याच फजलच्या इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असे हरवले. १९९० पासून अभंग राहिलेली मालिका तुटली. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारतावर २७-२४ अशी मात केली आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. कित्येक वर्षे महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाई इराणला गेल्या, तिथल्या मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणला आणि त्यांना आशियाच्या शिखरावर नेले. भारतात त्या दिवशी अनेकांचे डोळे पाणावले. 'आपणच शिकवले आणि आपणच हरलो' असा सूर निघाला.

तो सूर समजण्याजोगा असला तरी मान्य करण्याजोगा नाही. जकार्ताच्या पराभवाने कबड्डीचे जे भले केले, ते सात सुवर्णपदकांनी केले नव्हते. हरण्याची शक्यता निर्माण झाली आणि सामना पाहण्याजोगा झाला. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या पुरुषांनी इराणला ३३-२९ असे आणि महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदके परत मिळवली. एका गुणाने मिळालेले ते पदक आधीच्या एकतर्फी विजयांपेक्षा जड आहे. आणि १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा लीग जिंकली, तेव्हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालच्या त्या संघाचा बचाव सांभाळत होता इराणचा मोहम्मदरझा शादलूई. पुण्याच्या विजयात इराणी गड्याचा वाटा होता आणि पुणेकरांनी तो मोकळ्या मनाने दिला.

बाहेरच्याला मान देण्याची ही वृत्ती वऱ्हाडाला नवी नाही. कापूस घरी आला, रब्बीची घाई थोडी ओसरली की गावोगावची मंडळे कबड्डीचे खुले सामने भरवतात. प्रवेश फी ठरते, वजनगट ठरतात, बक्षिसाच्या रकमा गावातली माणसे आपापल्या नावाने जाहीर करतात. रात्री विजेच्या झोतात सामने चालतात, लाउडस्पीकरवर धावते वर्णन चालते. सगळ्यात जास्त गर्दी असते ती परजिल्ह्यातून आलेल्या संघाच्या सामन्याला. त्या संघाची झोपायची सोय शाळेच्या वर्गात होते, जेवण गावाकडून असते आणि तोच संघ अंतिम सामन्यात गावच्या संघाला लोळवून बक्षीस घेऊन गेला तरी पुढच्या वर्षी त्यालाच आधी निरोप जातो. गावच्या पोरांना खेळ त्याच संघाकडून शिकायला मिळतो, हे गाव जाणते. पर्पिन्यांच्या संघाला तीन वर्षांची सवलत देणाऱ्या इंग्रज क्लबांनी यापेक्षा निराळे काही केले नाही.

उणीव आहे ती या रीतीला मोठे करण्याची. गेल्या काही वर्षांत देशी खेळांचे जागतिक मेळावे भरू लागले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, १५ देशांचे खेळाडू आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांत प्रतीक वाईकरच्या आणि महिलांत प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. पुरुषांचा निकाल ५४-३६ आणि महिलांचा ७८-४० असा लागला. दोन्ही कर्णधार मराठी मातीतले, ही अभिमानाची बाब आहे. पण सात दिवसांचा विश्वचषक संपला की पाहुणे विमानाने परत जातात आणि पुढच्या मेळाव्यापर्यंत त्यांना तोडीचा सामना मिळत नाही. खांबावर वळण कसे घ्यायचे, सूर कधी मारायचा, साखळी खेळून पाठलाग करणाऱ्याला कसे दमवायचे, हे सात दिवसांत अंगी येत नाही. ७८-४० हा फरक नेपाळच्या मुलींच्या गुणवत्तेचा नाही, त्यांना मिळालेल्या सामन्यांचा आहे.

म्हणून विदर्भातल्या आणि महाराष्ट्रातल्या कबड्डी व खो-खो संघटनांना एक आग्रहाची विनंती आहे. नेपाळचा किंवा बांगलादेशाचा एक संघ आपल्या राज्य पातळीच्या साखळी सामन्यांत पूर्ण हंगामासाठी घ्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापाशी मैदाने आहेत, वसतिगृह आहे, शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे आणि शिकवणाऱ्यांची शतकभराची परंपरा आहे. त्या संघाला तिथे राहू द्या. अकोल्याच्या वसंत देसाई स्टेडियमवर, यवतमाळला, बुलढाण्याला, वाशीमला त्याला खेळवा. ज्या देशात खेळाची माती आहे, तिथलाच संघ निवडा. तीन वर्षे तो तळाला राहिला तरी त्याचे नाव कापू नका. त्याच्या प्रवासाचा खर्च एका धनिकाच्या भरवशावर सोडू नका, तो स्पर्धेच्या अंदाजपत्रकातच धरा आणि आपल्या तालुक्याच्या संघांच्या भाड्याची तरतूदही त्याच कागदावर करा. जठारपेठेतल्या मुलाला नागपूरला जायला तिकीट मिळणे आणि काठमांडूच्या मुलाला अमरावतीला यायला तिकीट मिळणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करायची आहेत. येत्या हंगामाचे सामन्यांचे पत्रक छापायला जाईल, तेव्हा त्यात एका परदेशी संघाचे नाव असावे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.